कोल्ड स्टोरेजच्या साइटवर आगीच्या जोखमीचं मूल्यमापन: छोट्या ठेकेदाराने काय बघायचं, काय लिहायचं

तुमचा प्रश्न असा आहे: तासगाव रस्त्याला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम चालू आहे. फॅब्रिकेशनचा पोटठेका तुमच्याकडे आहे, माणसं १४. पुढचं बिल काढण्याआधी मुख्य ठेकेदाराने आगीच्या जोखमीचं मूल्यमापन, म्हणजे सगळे ज्याला फायर रिस्क असेसमेंट म्हणतात ते, लेखी मागितलंय. मित्राने पुण्यातल्या एका टॉवरच्या कामाची २२ पानांची फाइल पाठवलीय. नाव बदलून तीच दिली तर चालेल का? आणि चालत नसेल तर नेमकं लिहायचं काय, कायदा काय म्हणतो?

बिल कदाचित निघेलही. तरी ती फाइल देऊ नका. टॉवरच्या फाइलमध्ये सेंट्रिंगचं प्लाय, हिरवी जाळी, वरच्या मजल्यावरून उतरायचा जिना यांचा विचार असतो. तुमच्याकडे बिनखिडकीच्या खोल्या आहेत, भिंती आणि छत पफ पॅनलचं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनलचं आहे, आणि तुमची माणसं त्याला लागून वेल्डिंग करतात. तुमच्या साइटवरचं सगळ्यात धोक्याचं सामान त्या २२ पानांत बहुधा एकदाही आलेलं नसेल.

सांगली-सातारा भागात साइट सेफ्टीचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातून एक गोष्ट पक्की झालीय. साइटवरची आग सहसा एकट्या कामातून लागत नाही, दोन कामं एकमेकांजवळ आली की लागते. वेल्डर आपलं काम नीट करत असतो, पॅनलवाला आपलं. पण एकाची ठिणगी दुसऱ्याने कापून ठेवलेल्या कडेत जाते, आणि तिथे कड उघडी आहे हे पहिल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून 'आमचं काम काय' इथून सुरुवात करू नका. आमच्या वर कोण, खाली कोण, भिंतीपलीकडे कोण, आमच्या आधी इथे कोण काम करून गेलं आणि आमच्यानंतर कोण येणार, इथून करा.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर हे जास्तच लागू पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर माल तयार व्हायला लागतो, त्याआधी खोल्या थंड झाल्या पाहिजेत. त्यामुळे जानेवारीत मालकाची घाई सुरू होते आणि जी कामं एकापाठोपाठ एक व्हायला हवीत ती सगळी एकाच वेळी एकाच खोलीत शिरतात. फॅब्रिकेटर, पॅनलवाले, कूलिंग युनिटची पाइप जोडणारे, वायरमन, फ्लोअरिंगवाले. मी सगळ्यात जास्त घाबरतो ते याच तीन-चार आठवड्यांना.

काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका साइटवर घडलेलं सांगतो. छताच्या पॅनलखाली कूलिंग युनिट टांगायचं होतं. ब्रॅकेट वेल्ड करायला वीसेक मिनिटं लागली. वेल्डिंगचा परवाना काढलेला होता, आग विझवायचं सिलिंडर जवळ होतं, खाली जमीन झाडलेली होती. काम संपलं, वेल्डरने केबल गुंडाळली आणि सगळे चहाला गेले. साधारण पाऊण तासाने वायरमनचा पोरगा शिडीवर चढला. त्याने आधाराला पॅनलवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा गरम होता. ज्वाळा नाही, धूर नाही, फक्त गरम पत्रा आणि किंचित कडवट वास. पाइपसाठी पाडलेल्या भोकातून ठिणगी आत गेली होती आणि दोन पत्र्यांच्या मधला फोम आतल्या आत धुमसत होता. आम्ही ते पॅनल कापून काढलं तेव्हा आत दोन हात लांब काळी पोकळी पडलेली होती. हवा लागताच कडेने ज्वाळ उठली. पाण्याचा पाइप ओढून तयार ठेवला होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या परवान्यावर माझी सही होती, आणि काम संपल्यावर तिथे कुणी थांबायचं याचा रकाना त्यात नव्हता. त्या दिवसापासून तो रकाना भरल्याशिवाय मी सही करत नाही.

पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. दोन्ही बाजूंनी पत्रा असतो तोवर तो बराच सुरक्षित वाटतो. कापलेली कड, भोक, न भरलेला सांधा, या ठिकाणी तो उघडा पडतो. पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू सोडतो, आणि दाट काळा धूर बंद खोली बघता बघता भरून टाकतो. दक्षिण कोरियात इचिऑन नावाचं शहर आहे. तिथे जानेवारी २००८ मध्ये एका कोल्ड स्टोरेजच्या आगीत ४० माणसं गेली. त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ कामगार गेले. दुसऱ्या घटनेच्या पोलीस तपासात निघालं ते हेच: तळघरात कूलिंगच्या पाइपजोडणीचं वेल्डिंग चालू होतं, ठिणगी युरेथेन फोमपर्यंत गेली. काम तेच, सामान तेच, खोलीही तशीच. आपल्या माणसांना हे सांगा. चित्र डोळ्यांसमोर आलं की सूचना वेगळी द्यावी लागत नाही.

आता लिहायचं कसं. आधी फिरा. मुकादम, एक वेल्डर आणि पॅनलवाल्यांचा माणूस असे तिघे सोबत घ्या आणि दोनदा फिरा: एकदा सकाळी काम जोरात असताना आणि एकदा संध्याकाळी सहानंतर, सगळे गेल्यावर. दिवसा दिसत नाही ते संध्याकाळी दिसतं. चालू राहिलेला वेल्डिंगचा होल्डर, छतावर पडून राहिलेला कटिंगचा टॉर्च, कोपऱ्यात जमलेला फोमचा चुरा, उघडा राहिलेला थिनरचा डबा. फिरताना खोलीगणिक तीनच प्रश्न विचारा. इथे काय पेटेल? कशाने पेटेल? पेटलं तर कोण अडकेल? मग चौथा रकाना: आम्ही काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. 'कोण'च्या खाली माणसाचं नाव हवं. 'संबंधित व्यक्ती' असं लिहिलं तर ते काम कुणीच करत नाही.

एक ओळ नमुन्याला देतो. खोली क्रमांक ३. काय पेटेल: उत्तरेकडच्या भिंतीच्या उघड्या कडा, पाइपची सहा भोकं, खाली पॅकिंगचं थर्माकोल आणि पुठ्ठा. कशाने: युनिटच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग, ग्राइंडर. कोण अडकेल: आतले दोन फ्लोअरिंगवाले, दार एकच. उपाय: ब्रॅकेट वेल्ड न करता बोल्टने बसवायचा. ते जमेपर्यंत भोकं रॉकवूलने (न जळणाऱ्या दगडी लोकरीने) बंद, पॅकिंग बाहेर, फ्लोअरिंगवाले त्या वेळी खोलीत नाहीत, अमुक माणूस तासभर पहाऱ्याला. एवढं लिहिलं तरी त्या खोलीपुरतं मूल्यमापन झालं. पाच गुणिले पाचचा गुणांचा तक्ता (आग लागण्याची शक्यता गुणिले नुकसान) मागितला तर तोही भरून द्या, त्यात वाईट काही नाही. पण आकडा बारा आला की पंधरा, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

या ओळीत मी बोल्ट पहिला लिहिला आणि सिलिंडरचं नावही घेतलं नाही, ते मुद्दाम. उपाय शोधताना आधी हे बघा की ठिणगीच टाळता येते का. पॅनल उभे राहण्याआधी सांगाड्याचं सगळं वेल्डिंग उरकता येतं का? ब्रॅकेट बाहेर मोकळ्यावर तयार करून आत फक्त नटबोल्ट आवळता येतात का? पॅनलमध्ये कटआउट घ्यायला ग्राइंडरऐवजी जिगसॉ चालते का? फॅब्रिकेटर म्हणून हे तुमच्या हातात आहे, आणि मुख्य ठेकेदाराबरोबरच्या बैठकीत 'वेल्डिंग आधी, पॅनल नंतर' एवढा क्रम ठरवून घेतलात तर निम्मा धोका तिथेच जातो. तुमच्या सगळ्या कागदापेक्षा त्या एका बैठकीला मी जास्त मोल देईन.

जिथे वेल्डिंग टळतच नाही तिथे हॉट वर्कचा, म्हणजे ठिणगी किंवा ज्वाळा निघणाऱ्या कामाचा, लेखी परवाना. तो त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता. सकाळी एकदा काढून दिवसभर कुठेही वेल्डिंग करायचं, असा नाही. चारही बाजूंना ११ मीटरपर्यंत पेटण्यासारखं काही नको. ही ३५ फुटांची जुनी मोजणी आहे आणि ती सपाटीवरची आहे. परांचीवरून काम असेल तर ठिणगी त्याहून लांब जाते, म्हणून खालची जागाही दोरीने अडवा. हलवता येत नाही त्यावर वेल्डिंगसाठीचं काचधाग्याचं ब्लँकेट टाका. आपल्याकडे ओलं गोणपाट टाकायची पद्धत आहे. एप्रिलच्या उन्हात ते बघता बघता सुकतं आणि मग तेच पेटतं. टाकायचंच असेल तर त्यावर पाणी मारायला माणूस नेमा. भिंतीपलीकडे जाऊन बघा, कारण पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. आणि काम संपल्यावर पहारा. अमेरिकेच्या मानकात पूर्वी तो अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीत एक तास केला गेला. पफच्या खोलीत मी एक तास बसवतो आणि त्यानंतर दोनदा, तासातासाने, हाताने पॅनल चाचपायला लावतो. पहारेकऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही. 'बघता बघता हे पाइपही उचल' असं म्हटलं की पहारा संपला.

वेल्डिंगच्या अर्थ केबलबद्दल एक गोष्ट, कारण ही चूक मी जवळजवळ प्रत्येक साइटवर बघतो. क्लॅम्प जिथे वेल्डिंग चाललंय त्याच तुकड्याला, जवळ लावा. लांब कुठेतरी कॉलमच्या सळीला लावला की करंट परतताना वाट शोधत जातो, एखाद्या सैल सांध्यात तो सांधा तापतो, आणि तुम्ही इथे सगळी काळजी घेतलेली असताना आग तिकडे वीस फुटांवर लागते.

गॅस कटिंग असेल तर अ‍ॅसिटिलीनचं सिलिंडर उभंच, साखळीने बांधलेलं. दोन्ही होजला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी आत शिरू न देणारा व्हॉल्व्ह), ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये. रात्री सिलिंडर खोलीत ठेवायचे नाहीत. थिनर, रबर अ‍ॅडहेसिव्ह, फोमचे कॅन यांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरकत ड्रेनच्या खड्ड्यात साठतात. एलपीजीचंही तेच. म्हणून फ्लोअरिंगवाले चिकटवत असतील त्या दिवशी त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीतही तुमचं वेल्डिंग बंद, मग मुख्य ठेकेदार काहीही म्हणो. दिवसाला लागेल तेवढंच थिनर आत न्या, बाकी बाहेर झाकणबंद. आणि सेंट्रिंगला लावायला डिझेल आणून ठेवलेलं असतं, ते कुठे आहे हे विचारून नकाशावर खूण करा.

तात्पुरत्या विजेचं थोडक्यात: प्रत्येक बोर्डला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), सांध्यांना नुसती टेप नको, आणि एक्स्टेन्शनचा ड्रम पूर्ण उलगडूनच वापरायचा. गुंडाळलेल्या ड्रमवर ग्राइंडर चालवला की आतली वायर तापते. हॅलोजन अजून वापरत असाल तर आजच एलईडी आणा.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते: माणूस बाहेर कसा पडेल. कोल्ड रूमला खिडकी नसते, दार एक आणि तेही सरकतं. काम चालू असताना त्या दारात शिडी, पाइप, पॅनलचा गठ्ठा उभा केलेला असतो. वीज गेली की आत मिट्ट काळोख. मी सगळ्यांना सांगतो आणि आग्रहाने सांगतो, की दाराच्या समोरच्या भिंतीतलं एक पॅनल शेवटपर्यंत बसवू नका. आतलं गरम काम पूर्ण झाल्यावर ते बसवा. पॅनलवाला कुरकुर करेल, कारण त्याला भिंत एका दमात संपवायची असते. त्याला खोलीच्या मागच्या टोकाला नेऊन दिवा बंद करा आणि दार शोधायला सांगा. मी दोनदा असं केलंय, दोन्ही वेळा वाद तिथेच मिटला. बॅटरीवरचे दिवे, जमिनीवर दाराकडे नेणारा पांढरा पट्टा, आणि विजेशिवाय वाजणारं काहीतरी हवं. हाताने फिरवायचा भोंगा उत्तम, नाहीतर टांगलेला लोखंडी तुकडा आणि हातोडी. खुणेचा आवाज एकच असावा. तुमच्या चौदा जणांत काही बिहारचे, काही जत-विजापूरकडचे असतील. मराठीत 'पळा' ओरडून भागणार नाही.

आग विझवायच्या सिलिंडरबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज असतो. सहा किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतं, म्हणून ते पहिल्या मिनिटासाठी. आय.एस. २१९० या भारतीय मानकाप्रमाणे कुठूनही १५ मीटरच्या चालीत एक सापडायला हवं. काटा हिरव्यात आहे का, सील आहे का, तारीख काय, हे महिन्यातून एकदा बघा आणि तारखेसह लिहा. पण पॅनलच्या आत धुमसणारी आग पावडरने विझत नाही. वरची ज्वाळ दबते, आतलं तसंच राहतं, अर्ध्या तासाने परत उठते. तिला पॅनल उघडून पाणीच लागतं, आणि त्याआधी वीज तोडायला लागते. पाण्याची सोय तुमच्याकडे आहे. क्युरिंगचा हौद प्रत्येक साइटवर असतो. तो संध्याकाळी भरलेला राहील हे बघा, त्यावर डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप ठेवा. विजेची मोटर आगीत पहिली बंद पडते. पाइप सगळ्यात लांबच्या खोलीपर्यंत पोहोचतो का, हे ओढून बघा. मला वाटतं म्हणून नको, ओढून बघा. आणि १४ च्या १४ जणांना एकेक सिलिंडर स्वतः चालवू द्या. मुदत संपत आलेली सिलिंडरं भरायला जातातच, ती याच्यासाठी वापरा.

बंब कुठून येणार? तासगाव नगरपरिषद, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, किंवा जवळच्या साखर कारखान्याचा. तिन्ही नंबर गेटवर मोठ्या अक्षरांत. १०१ आणि ११२ आहेतच, पण थेट नंबर असलेला बरा. गाळपाचा हंगाम असेल तर संध्याकाळी सहा वाजता स्वतः गाडी घेऊन त्या रस्त्याने येऊन बघा. पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर असला की दहा मिनिटांच्या रस्त्याला किती लागतात ते कळेल, आणि तोच आकडा कागदात लिहा. गेटवर सळईचा ट्रक उभा करून ठेवू नका.

लेबरच्या शेडकडे जा. पत्र्याची खोली, आत गॅसची छोटी टाकी, शेजारी अंथरुणं, एका प्लगमध्ये काडीने खोचलेल्या चार वायरी, पाणी तापवायचा रॉड, दोरीवर कपडे. रात्री बाहेरून कडी घालायची सवय काही ठिकाणी अजून आहे. ती आजपासून बंद करा. स्वयंपाक झोपण्याच्या खोलीबाहेर, आडोसा करून. मोबाइल चार्जिंगला चांगला बोर्ड द्या, म्हणजे काड्या खोचाव्या लागणार नाहीत. शेडला दोन दारं. तुमची माणसं तिथे झोपत असतील तर 'ती शेड मुख्य ठेकेदाराची' हे उत्तर नाही.

कुंपणाबाहेरही बघा. शेजारी ऊस असेल तर तोड झाल्यावर शेतकरी पाचट पेटवतो, त्या वाऱ्याने जळता पाला तुमच्या पॅकिंगवर येऊन पडतो. त्याला भेटून ठेवा: दादा, पेटवायच्या आधी एक फोन करा. कुंपणालगत पाच-सहा मीटरची पट्टी साफ ठेवा. साताऱ्याकडे कास, बामणोली, पाचगणीच्या बाजूला रिसॉर्टची कामं घेणाऱ्यांना मी हेच वणव्यासाठी सांगतो. जानेवारीनंतर डोंगरातलं गवत वाळतं, साइटभोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढलेली नसेल तर लाकूड आणि प्लाय उतरवूच नका.

कायद्याचं विचारलंत म्हणून. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले त्यातच साइटवर पुरेशी अग्निशमन साधनं, दाबाने पाणी, ती चालवणारी शिकलेली माणसं आणि निदान वर्षातून एकदा तपासणीची नोंद, एवढं कामगार लावणाऱ्यावर टाकलेलं होतं. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम वेगळा. त्याखालचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला इमारतीचा मालक किंवा भोगवटादार देतो, ते तयार इमारतीतल्या यंत्रणेचं. पुष्कळ जण 'आर्किटेक्टने फायर एनओसी घेतलीय' म्हणून निवांत राहतात. त्या एनओसीचा तुमच्या वेल्डिंगच्या दिवसाशी काही संबंध नाही.

तुमचं सगळं मिळून चार-पाच पानांत बसेल. वर साइटचा हाताने काढलेला नकाशा, खाली खोल्यांच्या ओळी, शेवटी नंबर आणि सह्या. तुमच्या मुकादमाची सही घ्या आणि पॅनलवाल्या ठेकेदाराचीही, कारण निम्म्या ओळी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. कागदावर तारीख टाका आणि नवीन ठेकेदार आत आला, पॅनल नवीन खोलीत गेले किंवा रात्रपाळी सुरू झाली की परत फिरून दुरुस्त करा. घाईच्या आठवड्यांत मी दर सोमवारी करतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

खर्चाचं राहिलं. पहारेकऱ्याची हजेरी, ब्लँकेट, रॉकवूल, पंप हे सगळं तुमच्या दरात आधी धरलेलं नसेल, म्हणूनच ते शेवटी कापलं जातं. या कामाला मुख्य ठेकेदाराशी बसून वाटून घ्या. पाण्याचा पंप आणि भोंगा त्याने द्यावा असं मी म्हणेन, कारण ते सगळ्या साइटसाठी आहे. पहारेकरी आणि ब्लँकेट तुमचं. आणि पुढच्या कोटेशनमध्ये 'हॉट वर्क पहारा, प्रति दिवस' ही वेगळी ओळ लिहा, दरासकट.